दगडखाणीतली नारिंगी बोट

आमच्या घरात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता, आणि आम्ही समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायची बोट बांधायला घेतली होती. तीही नाशकात, अंबडच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात. खाली गाळा, वर आमच्या तीन खोल्या, मागे द्राक्षाची बाग आणि समोर चहाची टपरी. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फायबरचा धंदा होता. पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा, गणपतीच्या दिवसांत मंडळांसाठी कमानी आणि सिंह. रेझिनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, आईच्या भाकरीलासुद्धा यायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला मात्र तो वास नसला की घर परकं वाटायचं. काचेच्या धाग्यांची खाज तेवढी कधी अंगवळणी पडली नाही. आई आमचे कामाचे कपडे वेगळे धुवायची, तरी उन्हाळ्यात मान आणि कोपरं अशी चरचरायची, की सगळं घर एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्याने खाजवायचं.

मी फारशी बोलणारी नाही. या बोटीची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, आणि सांगितलं ते सगळं खरंच आहे, पण पुरतं नाही. बोट उलटून परत सरळ कशी झाली, ते मी सांगते. ती उलटवण्याआधी खाणीच्या काठावर आईने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगत नाही. आता पन्नाशी आली. सांगून टाकावं.

कप्तान आमच्याकडे आले ते बसच्या सीटांमुळे. कोकणातल्या एका बंदरावर मच्छीमारांची संस्था होती, तिचे ते कर्तेधर्ते. खरं तर ते कुठल्या जहाजाचे कप्तान नव्हते, पण सगळं आयुष्य बोटींवर गेलेलं, त्यामुळे आम्ही आपले त्यांना कप्तानच म्हणायचो. एका बसला अपघात झाला, बस चेपली, पण आतल्या सीटा जागच्या हलल्या नाहीत. त्या कुणी बनवल्या याचा शोध घेत हे गृहस्थ नाशकात उतरले. हातात गुंडाळलेले नकाशे आणि वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. बोंबील त्यांनी आईच्या हातात दिले आणि नकाशे अण्णांच्या. आई बागलाणातली, सटाण्याजवळच्या गावची. तिने ते पुडकं नाकापासून हातभर लांब धरलं आणि विचारलं, "काय शे हाई?" पण संध्याकाळी तिने त्याच बोंबलांना आपल्याकडचा काळा मसाला आणि ठेचलेला लसूण लावला, आणि कप्तान भाकरीवर भाकरी मोडत म्हणाले, "वहिनी, हा मासा आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढला. पण चढल्याचं सार्थक झालं."

त्याच जेवणात त्यांनी अट सांगितली. त्यांच्या बंदराला आधी एक बोट मिळाली होती. देखणी, हार घातलेली, भाषणं झालेली. पहिल्याच वादळात ती माणसं आणायला गेली, उलटली आणि परत वर आली नाही. वाचवायला गेलेलेच गेले. "तेव्हापासून माझा एकच नियम," ते म्हणाले, "बोट पाण्यात उलटी करायची. आत बांधणाऱ्याच्या घरचं एक माणूस बसवायचं. ती आपणहून सरळ झाली तर मी घेणार. नाही तर तुमची बोट तुमच्या दारात."

अण्णा लगेच म्हणाले, "मी बसेन." आईने त्यांच्या ताटात भात वाढता वाढता डाव थांबवला. वर्षभरापूर्वीच अण्णा छातीत कळ येऊन दवाखान्यात पडून होते. तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ प्रकाश, मान खाली घालून जेवत होता तसाच म्हणाला, "तुम्ही नाही. मी." आणि पुन्हा जेवायला लागला. तो पोहता न येणारा माणूस. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो तरी घोट्याच्या वर पाण्यात जात नसे. मी तिथेच बसले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

नकाशे वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नुकता डिप्लोमा केला होता. गाळ्याच्या माळ्यावर ते पसरले, चार कोपऱ्यांवर हार्डनरच्या बाटल्या ठेवल्या, आणि मी जी बघत राहिले ती आई जेवायला हाका मारून दमली तरी उठले नाही. तोवर मला वाटायचं, चांगली बोट म्हणजे न उलटणारी. ही तसा शब्दच देत नव्हती. आपण उलटणार हे तिने आधीच धरून ठेवलं होतं, आणि तिची एकूण एक रेघ त्यापुढच्या क्षणासाठी काढलेली होती. इंजिन तळाशी, अगदी कण्याला चिकटून, म्हणजे सगळं वजन खाली. वर उंच, बंद, हवेने भरलेली केबिन. बोट पालथी झाली की ही हवा पाण्याखाली दाबली जाते आणि तिला वर यायचं असतं; जड इंजिन वर लटकतं आणि त्याला खाली यायचं असतं. दोघं मिळून बोटीला फिरवतात. कुणी हात लावायचा नाही. इंजिनच्या श्वासाच्या नळीत एक चेंडू, बोट उलटली की तो आपोआप भोकात बसतो आणि पाणी आत जात नाही. डेकच्या कडेला झडपा, आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या, बाहेरचं आत न घेणाऱ्या. बोटीला ढकलणारा पंखा तळाच्या बोगद्यात लपवलेला, कारण ज्यांना वाचवायचं ती माणसं पाण्यातच असणार, त्यांचे पाय कापले जाऊ नयेत. बाजूंनी झोळीसारखी लोंबणारी दोरी, हातात जोर न उरलेल्या माणसाला निदान कोपर अडकवता यावं म्हणून. त्या दोरीपाशी मी थांबले. कुणीतरी कधीतरी बसून विचार केला होता, की दमलेल्या माणसाची मूठ वळत नाही. देवळात गेल्यावर वाटावं तसं मला काहीतरी वाटलं. आजही वाटतं. माझ्या हाताखालची नवी मुलं संगणकावर अख्खी बोट उलटीसुलटी करून दाखवतात, आणि मी त्या दोरीपाशी येऊन अजून थांबते.

टपरीवाल्याला आयतीच करमणूक झाली. "अण्णा, अंबडला भरती किती वाजता येते?" तो रोज विचारायचा. दादाही सुरुवातीला कडू होता. "टाक्या करू अण्णा. टाकी उलटली तर कुणी मरत नाही." पण हात त्याचाच होता. साच्यावर नारिंगी जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगाचा थर, मारून, त्यावर काचेची मॅट अंथरून, रेझिन पाजून, लोखंडी रोलरने तो बुडबुडे काढायला लागला की त्या चकचक आवाजात एक ठेका यायचा, आणि वर आईच्या शिलाई मशीनचा दुसरा. सीटचे पट्टे आई शिवत होती, बसच्या पट्ट्यांच्या दुप्पट जाड, एकावर एक चौकोनी शिवण. बोटीच्या भिंतीच्या दोन पदरांच्या मधे फोम ओतायचा दिवस तर मी विसरणार नाही. दोन पातळ द्रव बादलीत ढवळायचे, पटकन भोकात ओतायचे आणि मागे सरायचं. मग ते आतल्या आत फसफसून फुगत जायचं आणि भिंतीला हात लावला तर ती तापलेली लागायची. आई जिन्यातून बघत होती. म्हणाली, "ढोकळ्याचं पीठ इतकं फुगलं असतं तर मी दुकान टाकलं असतं."

बोट पूर्ण झाली तेव्हा गाळ्यात तिच्याभोवती चालायला जागा उरली नव्हती. शोधदिवा, स्ट्रेचर, पाण्यातून माणूस गुंडाळून वर घ्यायचं जाळं, प्यायच्या पाण्याचे डबे, कुऱ्हाड. सगळ्याला आपापली खोबण, आणि प्रत्येक वस्तू पट्ट्याने बांधलेली. अण्णा तोवर एकदा कोकणात जाऊन आले होते. समुद्र कसा असतो, असं आम्ही विचारलं तर म्हणाले, "पाणी नव्हेच ते. जमीनच हलते."

चाचणीला समुद्र कुठून आणणार? पाथर्डीच्या पुढे एक जुनी दगडखाण होती, वर्षानुवर्षं पाणी साठून हिरवीगार आणि खोल झालेली. तिथे ट्रेलरवरून बोट नेली, क्रेन आली, कप्तान आले. पहिली फेरी माणसाशिवाय करायची होती, पण आत माणसं बसल्याचं वजन हवं होतं. वाळू भरावी असं मी म्हटलं, तर अण्णांना ते पटेना. "वाळू आणायची, भरायची आणि मग फेकायची? त्यापेक्षा बापू निघालाच आहे." बापू म्हणजे माझे मामा, ट्रॉलीभर कांदा घेऊन लासलगावला निघाले होते. वाट वाकडी करून ते खाणीवर आले, कांद्याच्या गोण्या एकेका सीटवर बसवल्या, आईने शिवलेले पट्टे त्यांच्या पोटावरून आवळले. चाचणी झाली की कांदा बाजारात जाणार होता. कप्तानांनी आत डोकावून पाहिलं. "आयुष्यात पुष्कळ खलाशी बघितले," ते म्हणाले, "पण एवढे गप्प बसणारे पहिलेच."

क्रेनचा पट्टा बोटीच्या पोटाखालून घेतला आणि एक बाजू उचलली. बोट कलली, आडवी झाली, आणि एक मोठा उसासा टाकल्यासारखी पालथी पडली. पट्टा ढिला केला. आम्ही वाट बघितली. ती थोडी हलली, एका अंगावर आल्यासारखी झाली आणि परत पालथी बसली. तिचा तळ वर होता, ओला, पंखा उघडा पडलेला. मेलेल्या म्हशीसारखी ती तिथे तरंगत होती. टपरीवालाही दुकान बंद करून आला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्यात क्रेनचा पट्टा निसटला. म्हशी धुवायला आलेले दोघेजण बुड्या मारमारून तो परत पोटाखालून घालेपर्यंत इतका वेळ गेला, की माझ्या मनात एकच येत होतं: आत माणूस असता तर?

बोट सरळ करून दार उघडलं तेव्हा आतून कांदे घरंगळत बाहेर आले. गोण्या पट्ट्यांतून सुटून छतावर पडल्या होत्या, दोन फाटल्या होत्या. मामा चेचलेले कांदे हातात घेऊन अण्णांकडे बघत राहिले. "दाजी, हा आता कोण घेणार? सांगा ना, कोण घेणार?" अण्णा दगडावर बसले. त्यांचा हात छातीवर गेला तेव्हा आईचं तोंड पांढरं पडलं.

मी वहीच्या पानावर पटापट मांडलं. उलट्या बोटीत छत म्हणजे तळ. सगळ्या गोण्या तिथे जाऊन पडल्या तर वजन चुकीच्या जागी गेलं आणि बोटीला उलटंच राहायला मदत झाली. "बोट बरोबर आहे," मी म्हणाले, "कांदे सुटले म्हणून झालं." आईने एक गोणी उचलून सीटवर आपटली. "गोणी माणसासारखी बसतच नाही. आधी ढुंगण टेकते, मग पसरते. पोटाला पट्टा बांधून काय उपयोग?" ती ट्रॉलीपाशी गेली, मामाकडून दाभण आणि सुतळी घेतली आणि काठावर फतकल मारून एकेक गोणी मधोमध शिवून तिला कंबर केली, वर कान केले, आणि ते कान सीटच्या कड्यांना ओवून गाठी मारल्या. माहेरी पोरवयात कांदा साठवायच्या चाळीवर तिने हेच काम केलेलं. कप्तान शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता सुकाणूच्या खुर्चीत माणूस."

अण्णांनी विरोध केला. आधी पुन्हा नुसत्या गोण्यांवर बघू, म्हणाले. पण क्रेनला दुसरीकडे जायचं होतं, कप्तानांना परत जायचं होतं, आणि दादा बूट काढून काठावर उभा होता. "होऊन जाऊ द्या," तो म्हणाला.

तेव्हा आईने मला बाजूला घेतलं. सुतळीने तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. चिडली किंवा घाबरली की ती माहेरच्या बोलीत जायची. "सुमे," ती म्हणाली, "माले तुनं गणित कळत नही. तू फक्त सांग. तो वर येई ना?"

माझा हिशेब मी केला होता. कांदे सुटल्याने जितका फरक पडला असता, तेवढ्याने बोट अडली हे जवळजवळ जुळत होतं. जवळजवळ. थोडं उरत होतं. ते कशाचं, मला माहीत नव्हतं. इंजिनच्या वजनाचं असेल, फोम कुठे कमी भरला गेला असेल, किंवा माझीच बेरीज चुकली असेल. 'बहुतेक येईल' असं म्हणता आलं असतं. तेवढं ऐकून आईने दादाचा हात धरून त्याला घरी नेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मला ती बोट वर येताना बघायची होती. त्या घटकेला मला दुसरं काहीही नको होतं.

"येईल," मी म्हणाले.

आईने मान हलवली, दादाजवळ गेली, आणि लहानपणी शाळेत पाठवताना करायची तशी त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावली. तो आत गेला. चार पट्टे त्याने स्वतः आवळले. काचेतून आम्हाला दिसलं. दार बंद झालं. क्रेनने ओढ घेतली, नारिंगी बाजू वर वर गेली, आणि बोट पुन्हा पालथी पडली.

पट्टा ढिला झाला. पाणी शांत झालं. बोट उलटी होती आणि उलटीच राहिली, एवढंच मला आठवतं. किती वेळ ते विचारू नका. कुणी थोडासाच म्हणतं, आई शेवटपर्यंत म्हणायची की तेवढ्यात एक जन्म झाला. मग पाण्याखालून, खूप खोलातून आल्यासारखी, एक हालचाल झाली. तळ एका बाजूला घसरायला लागला. अगदी हळू, झोपलेलं माणूस कुशीवर वळतं तसा. मग कुणीतरी आतून धक्का दिल्यासारखी केबिन पाणी फोडून वर आली, सगळी बोट गर्रकन फिरली, एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि स्थिर झाली. तिच्या सगळ्या अंगावरून पाणी ओघळत होतं. उन्हात ती अशी लखलखत होती, की माझे डोळे भरून आले. कुणी तिला हात लावला नव्हता. ती स्वतःची स्वतः उठली होती. त्यानंतर मी समुद्र पाहिला, बर्फाचे डोंगर पाहिले, स्वतःचं मूल जन्मताना पाहिलं. त्या दुपारी झाले तितकी लहान आणि तितकी मोठी मी पुन्हा झाले नाही.

लोक ओरडत होते. आई लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात गेली. दार उघडलं, दादा बाहेर आला, ओठ दाताखाली आल्याने रक्त येत होतं. आई त्याचं तोंड, हात, डोकं चाचपत होती. आणि मी बोटीच्या मागच्या अंगाला होते, डेकच्या झडपांपाशी. त्यांतून पाणी एका लयीत बाहेर पडत होतं, आणि मी हात पुढे करून ते हातावर घेत होते. दादाने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हणाले, "दादा, हे बघ ना, पाणी कसं निघतंय!"

त्याने आईच्या पदराने ओठ पुसला. कप्तानांनी अण्णांना मिठी मारली, बोट घेतली. पुढच्याच आठवड्यात ती झेंडूच्या माळा घालून घाट उतरून गेली. तिने तिकडे किती माणसं आणली त्याचे फोन येत राहिले, दोनेक वर्षांनी आणखी बोटींचं काम आलं, आणि अण्णांच्या मागे गाळा मी चालवला. दादाने वर्षभरात फायबर सोडलं आणि मागची ती द्राक्षाची बाग कसायला घेतली. खाज सोसवत नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी मनात समजून चालले की कारण मी आहे. एकाच कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही इतकी वर्षं काढली, सणावाराला एका ताटात जेवलो, पण तो विषय मी कधी काढला नाही.

गेल्या ऑक्टोबरात तो बागेत छाटणी करत होता तेव्हा मी कुंपणापाशी गेले आणि एका दमात सांगून टाकलं. की मला नक्की माहीत नव्हतं. की हिशेबात थोडं उरत होतं. की तरी मी आईला येईल म्हणाले.

त्याने कात्री थांबवली नाही. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "काचेतून तुझं तोंड दिसत होतं. तुझं उत्तर बरोबर असतं तेव्हा तू असली दिसत नाहीस."

"मग पट्टे सोडून बाहेर का नाही आलास?"

आता त्याने कात्री खाली घेतली आणि थोडा लाजल्यासारखा हसला. "मी सहा महिने तिला हाताने घडवली होती, सुमे. तुला बाहेरून बघायचं होतं. मला आतून." आणि मग, मी न विचारताच, त्याने सांगितलं. सगळं हिरवं झालं. डोक्यात रक्त उतरलं. कांद्याचा वास. वर पाण्याचा तळ आणि खाली आभाळ असं काहीतरी. भीती वाटायची राहूनच गेली. मग ती वळायला लागली तेव्हा तिच्या अंगातला जोर त्याला पाठीत कळला, बैल उठताना गाडीला कळतो तसा, आणि तो आत एकटाच मोठ्याने हसला. "ओठ तेव्हाच चावला गेला," तो म्हणाला. "त्यानंतर टाक्या काय करायच्या?"

आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना हसत उभे राहिलो, म्हातारे होत चाललेले भाऊबहीण. माझ्या उरावरचं पुष्कळ उतरलं, हे खोटं सांगणार नाही.

पण सगळं उतरलं नाही. दादाला बघायचं होतं, मला बघायचं होतं, अण्णांना आणि कप्तानांनाही बघायचं होतं. त्या काठावर एकटी आई अशी होती, जिला ती बोट उठताना बघायची मुळीच हौस नव्हती. तिला फक्त खरं काय ते हवं होतं. ते विचारायला ती एवढ्या माणसांतून माझ्याकडे आली, आणि शेवटी ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं की मी तिला खरं सांगितलं.